गोड पदार्थांवरील सजावटीसाठी साखरफुले घरच्या घरी

खाण्याजोग्या फुलावर किंवा सुट्या पाकळीवर डिंकाच्या पाण्याचा अथवा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा पातळ हात फिरवायचा, त्यावर बारीक साखर भुरभुरवायची आणि ते फूल कडक होईपर्यंत वाळू द्यायचे, एवढीच साखरफुलांची कृती आहे. तिच्यासाठी चूल पेटवावी लागत नाही, पाकाची तार पाहावी लागत नाही आणि महागडे साहित्यही लागत नाही. युरोपात ही कला जुनी असून फ्रान्समधील तूलूझ शहराची साखरेतली व्हायोलेट फुले आजही प्रसिद्ध आहेत. मात्र तिकडच्या कृती जशाच्या तशा आपल्या घरात करायला गेल्यास दोन ठिकाणी हमखास अडते. तिकडची फुले आपल्या अंगणात नसतात आणि आपल्याकडची हवा वर्षातले चार महिने साखरेला मुळीच मानवत नाही. म्हणून हा लेख साताऱ्यातले घर, इथली फुले आणि इथले ऋतू डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. फूल नीट निवडले आणि हवा कोरडी असली की नवख्या हातालाही हे काम जमते. या दोहोंपैकी एकात चूक झाली तर सराईत हातही ते सावरू शकत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष कृतीपेक्षा तिच्या आधीच्या तयारीविषयी येथे अधिक लिहिले आहे.

ऋतू आणि हवा

साखर कोरड्या हवेत महिनोन्‌महिने जशीच्या तशी राहते, परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की ती हवेतलेच पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. पावसाळ्यात डब्यातली साखर ओलसर लागते आणि तिचे गठ्ठे होतात, ते दमट हवेमुळेच. साखरफुलावरचा थर तर अगदी पातळ आणि चहूबाजूंनी उघडा असतो, त्यामुळे तो डब्यातल्या साखरेच्या कितीतरी आधी सादळतो. साताऱ्यात जून ते सप्टेंबर या काळात, आणि जिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो त्या महाबळेश्वराच्या बाजूला तर ऑक्टोबर सरेपर्यंत, नवशिक्याने हे काम हाती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार दिवस वाट पाहूनही फुले चिकटच राहतात आणि दोष आपल्या हाताचा आहे अशी समजूत होऊन हुरूप जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. संक्रांतीच्या हलव्याला काटा येण्यासाठी ज्या कोरड्या, गार हवेची वाट पाहिली जाते, तीच हवा साखरफुलांनाही लागते, आणि गुलाबाला बहरही याच दिवसांत येतो. मार्च ते मे या काळात हवा कोरडी असली तरी उन्हामुळे तोडलेली फुले लवकर मान टाकतात. तेव्हा काम करायचे असल्यास सकाळी लवकर आणि थोड्या थोड्या फुलांचेच करावे.

कोणती फुले घ्यावीत

पहिल्या प्रयत्नासाठी गावठी गुलाबाच्या सुट्या पाकळ्या घ्याव्यात. गुलकंदासाठी वापरतात तो हा गुलाबी, सुवासिक, पातळ पाकळ्यांचा गुलाब. पाकळी सपाट असल्याने दोन्ही बाजूंना ब्रश सहज फिरतो, ती पातळ असल्याने लवकर वाळते, आणि साखरेखालीही तिचा वास टिकून राहतो. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पांढरट, जाडसर भाग असतो. तो चवीला कडवट असल्यामुळे लहान कात्रीने तिरका कापून टाकावा.

हात बसल्यावर अख्ख्या फुलांकडे वळावे. थंडीत रोपवाटिकांमध्ये पॅन्सी आणि तिच्यापेक्षा लहान व्हायोला यांची रोपे मिळतात. त्यांची चपट्या चेहऱ्याची, दोन-तीन रंगांची फुले जणू या कामासाठीच घडली असावीत इतकी सोयीची असतात, कारण त्यांच्या पाकळ्या एकमेकींवर फारशा चढलेल्या नसतात आणि ब्रशला कुठेही अडथळा होत नाही. माझ्या मते ज्याला ही कला मनापासून शिकायची आहे त्याने ऑक्टोबरात व्हायोलाचे बी कुंडीत टाकावे.

गोकर्णाचे निळे फूल कुंपणावर फुकट मिळते आणि साखरेखाली त्याचा रंग फार सुंदर दिसतो. वापरायचे ते फक्त फूल. गोकर्णाच्या बिया आणि मुळे रेचक असल्यामुळे शेंगा वा बिया फुलांबरोबर येणार नाहीत याकडे लक्ष द्यावे आणि फुलामागचा हिरवा देठाचा भाग काढून टाकावा. गोकर्णाचा निळा रंग आंबटपणा लागताच जांभळा होतो, म्हणून त्याला लावायच्या डिंकाच्या पाण्यात लिंबाचा थेंबही नसावा. जांभळी फुले हवी असतील तर मात्र हाच गुण कामी आणता येतो.

झेंडू आणि शेवंती यांच्या सुट्या पाकळ्या घेता येतात. अख्खे फूल घेऊ नये, कारण त्यांच्या दाट पाकळ्यांच्या आत ओल अडकून राहते आणि बुडाशी चांगलाच कडवटपणा असतो. या दोन्ही फुलांची काही जणांना अॅलर्जी असते, तेव्हा पाहुण्यांना पूर्वकल्पना द्यावी. मोगऱ्याचा वास मोहवणारा असला तरी त्याच्या पाकळीला जिथे बोट दाबले जाते तिथे ती तपकिरी पडते, आणि जास्वंदीची पाकळी इतकी रसाळ व बुळबुळीत असते की ती वाळता वाळत नाही. ही दोन्ही फुले खाण्याजोगी असली तरी नवशिक्याने ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावीत. सरावासाठी फुले कमी पडली तर पुदिन्याची पाने घ्यावीत. त्यांच्यावरही हीच कृती चालते आणि ती चवीलाही छान लागतात.

कोणती फुले घेऊ नयेत

हा भाग सर्वांनी पूर्ण वाचावा. पूजेला चालते म्हणून खायला चालते असे अजिबात नाही. महादेवाला वाहतात तो धोत्रा विषारी आहे, मारुतीला वाहतात त्या रुईचा चीक विषारी आहे, आणि परडीत रोज दिसणारी लाल-पांढरी कण्हेर व पिवळी बिट्टी या दोन्ही वनस्पतींतील विष थेट हृदयावर परिणाम करते. सदाफुली, तगर, घाणेरी आणि कळलावी हीदेखील कटाक्षाने टाळावीत. चाफ्याच्या देठातून चीक येतो, तोही नको. महाबळेश्वर-पाचगणीच्या बागांतून दिसणारे हायड्रेंजियाचे निळे-गुलाबी गुच्छ केकवर ठेवण्याचा मोह होतो, पण हायड्रेंजियाही विषारी आहे. थंडीत बागेत लावतात ती सुवासिक स्वीट पी दिसायला वाटाण्याच्या फुलासारखी असली तरी ती खाण्याची नाही.

ही यादी पूर्ण नाही आणि ती पूर्ण करण्याचा प्रयत्नही मी केलेला नाही, कारण नियम उलट्या बाजूने पाळायचा आहे. विषारी यादीत नाही म्हणून फूल घ्यायचे नाही. खाण्याजोगे आहे याची पक्की खात्री असेल तरच घ्यायचे. एकाच नावाने वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी झाडे ओळखली जातात, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नये आणि झाड स्वतः ओळखीचे असावे. विषारी फूल नुसते शोभेसाठी, न खाण्याच्या बोलीवरही गोड पदार्थावर ठेवू नये. लहान मूल ताटातले काय उचलेल याचा नेम नसतो, आणि फुलाचा चीक पदार्थाला लागतोच.

खाण्याजोग्या फुलांमधलेही पुंकेसर आणि मधला दांडा काढून टाकावा. परागकणांमुळे दमा किंवा अॅलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, शिवाय ते साखरेत मिसळून तिचा रंग डागाळतात. व्हायोलासारख्या अगदी लहान फुलाला यातून सूट देता येते.

फुले कुठून आणावीत

उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे स्वतःच्या कुंडीतून किंवा ज्यांनी फवारणी केलेली नाही हे आपल्याला खात्रीने ठाऊक आहे अशा शेजाऱ्यांच्या अंगणातून. बाजारात हारांसाठी येणारी फुले आणि पुष्पगुच्छांतले लांब दांड्याचे गुलाब ही खाण्यासाठी पिकवलेली नसतात. त्यांच्यावर कीटकनाशके व बुरशीनाशके फवारलेली असतात, आणि त्यांतली काही झाडाच्या आत भिनत असल्यामुळे फूल कितीही धुतले तरी जात नाहीत. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपालाही हेच लागू पडते. आणताना त्याच्यावर असलेली फुले आणि कळ्या खुडून टाकाव्यात, रोपाला दोन-तीन महिने आपल्या देखरेखीखाली वाढू द्यावे आणि मग नव्याने आलेली फुले वापरावीत. बियांपासून वाढवलेले रोप सर्वांत निर्धोक. रस्त्याच्या कडेची फुले धूर आणि धुळीमुळे घेऊ नयेत, आणि देवाला वाहून झालेली फुलेही नकोत, कारण त्यांना हळदी-कुंकू लागलेले असते आणि ती शिळी असतात.

साताऱ्यात राहणाऱ्याला फुले म्हटली की कास आठवणारच, म्हणून त्याबद्दलही लिहितो. कासचे पठार हे २०१२ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथले एकही फूल तोडण्यास मनाई आहे. तिथल्या कित्येक जाती सह्याद्रीच्या बाहेर कुठेही आढळत नाहीत, आणि त्यांच्यापैकी गवतातल्या सीतेच्या आसवांसारखी फुले तर कीटक पकडून जगणाऱ्या वनस्पतींची आहेत. ती फुले पाहण्याची आहेत. यवतेश्वराच्या घाटात रस्त्याकडेला फुललेल्या रानफुलांनाही हात लावू नये.

साखर

दुकानात साखर दाण्याच्या आकारानुसार एस आणि एम अशा प्रतींत येते. एस म्हणजे लहान दाणा आणि एम म्हणजे मध्यम. कृष्णाकाठच्या या ऊसपट्ट्यात दोन्ही सहज मिळतात. शक्य असल्यास एस प्रतीची घ्यावी. ती तशीच वापरली तर दाणा मोठा पडतो आणि पाकळी त्याच्या भाराने वाकते, म्हणून मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी अगदी क्षणभरच फिरवून ती बारीक रव्याइतकी करावी. सलग फिरवल्यास भांडे तापते आणि साखर ओलसर होऊन तळाशी बसते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच चकाकी हरवते. फिरवलेली साखर आधी रव्याच्या चाळणीने चाळून मोठे दाणे बाजूला करावेत, मग खाली पडलेली साखर मैद्याच्या चाळणीने पुन्हा चाळावी आणि या वेळी चाळणीत वर उरलेली साखर आपल्या कामासाठी घ्यावी. खाली पडलेली पिठी चहाला वापरावी. पिठी फुलावर पडली तर ओलाव्यात लगेच विरघळून तिचा पांढुरका लेप होतो. दाणेदार साखरेचे कण मात्र अखंड राहतात आणि त्यांच्यावर प्रकाश पडून फूल चमकते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते, त्यामुळे ती तर येथे मुळीच चालत नाही. अर्धी वाटी साखर तीस-चाळीस पाकळ्यांना पुरून उरते.

डिंक की अंडे

आपल्याकडच्या बहुतेक घरांत सणाच्या गोडात अंडे चालत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी ही कला सोडून देण्याचे कारण नाही. डिंक तिच्या कामाचा आहे, आणि माझ्या अनुभवात डिंकावरची फुले अंड्यावरच्या फुलांपेक्षा जास्त टिकतात. लाडवांसाठी मिळतो तो खाण्याचा डिंक स्वच्छ, फिकट रंगाचा पाहून घ्यावा. डिंक कतिरा घेऊ नये; तो पाण्यात विरघळण्याऐवजी फुगून जेलीसारखा होतो. तुपात तळून फुलवलेला डिंकही येथे निरुपयोगी आहे.

डिंकाचे खडे खलबत्त्यात कुटून बारीक पूड करावी. एक चहाचा चमचा पूड आणि तीन चहाचे चमचे उकळून कोमट केलेले पाणी लहान वाटीत एकत्र करून, झाकण ठेवून रात्रभर बाजूला ठेवावे. पाण्याऐवजी गुलाबपाणी घेतले तर सुवास वाढतो, पण ते खाण्याचे असल्याची खात्री बाटलीवरून करून घ्यावी, कारण चेहऱ्याला लावायचे गुलाबपाणी वेगळे असते. सकाळी मिश्रण ढवळून मलमलच्या स्वच्छ कापडातून गाळावे, म्हणजे न विरघळलेले कण आणि झाडाच्या सालीचा कचरा निघून जातो. तयार पाणी दुधापेक्षा किंचित दाट असावे. ब्रशमागे तार येत असेल तर थोडे पाणी घालावे. पाकळीवरून ओघळत असेल तर पूड कमी पडली आहे असे समजावे. हे पाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे, कारण त्याला बुरशी लागते.

अंडे चालणाऱ्यांनी एका अंड्याच्या पांढऱ्या बलकात एक चहाचा चमचा पाणी घालून ते काट्याने हलकेच मोडावे. फेस येऊ देऊ नये, कारण फेसाचे बुडबुडे पाकळीवर वाळून खड्डे पडतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि या कृतीत शिजवणे कुठेच नाही, म्हणून लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी अशी फुले करू नयेत. केकच्या साहित्याच्या दुकानांत मिळणारी पाश्चराइझ केलेल्या पांढऱ्या बलकाची पूड पाण्यात कालवून घेतल्यास ही काळजी मिटते.

बाकी साहित्य थोडके आहे. चित्रकलेचा एक किंवा दोन नंबरचा मऊ, नवा ब्रश, जो पुढेही फक्त याच कामासाठी ठेवावा, टोकाशी गुळगुळीत असलेला लहान चिमटा, केक थंड करायची जाळी, बटर पेपर, आणि साखर भुरभुरवायला लहान चमचा.

फुले तोडणे आणि तयार करणे

दव उडून गेल्यावर, पण ऊन तापण्याआधी फुले तोडावीत. थंडीत ही वेळ साधारण नऊच्या सुमारास येते. त्याच दिवशी उमललेले, डाग नसलेले फूल घ्यावे. शिळ्या फुलाच्या पाकळ्यांच्या कडा साखरेखाली तपकिरी दिसतात आणि साखर त्या झाकत नाही, उलट त्या अधिक उठून दिसतात. अख्खे फूल असेल तर देठ बोटभर लांब ठेवावा, म्हणजे पकडायला सोपे जाते.

फूल उलटे धरून हलकेच झटकावे, म्हणजे आतले किडे आणि मुंग्या पडून जातात. मग गार पाण्याच्या भांड्यात अलगद बुडवून लगेच बाहेर काढावे. नळाखाली धरू नये. पंचाच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर फुले एकेक सुटी पसरून पंख्यापासून दूर सावलीत ठेवावीत. पाकळी वरून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाण्याचा एक थेंबही राहिला तर त्या जागी साखरेचा पाक होतो आणि दोन दिवसांनंतरही तिथे बोट चिकटते. एका वेळी वीसेक पाकळ्यांपेक्षा जास्त तयार करू नयेत, कारण उरलेल्या वाट पाहून मलूल होतात.

लेप आणि साखर

पाकळी चिमट्याने बुडाशी धरावी. ब्रश डिंकाच्या पाण्यात बुडवून वाटीच्या काठावर निथळून घ्यावा आणि बुडापासून कडेकडे असा एकाच दिशेने फिरवावा. आधी मागची बाजू, मग पुढची, आणि शेवटी कडा. लेप शक्य तितका पातळ असावा, पण कुठेही खंड पडू नये. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात आणि नवशिक्याची खरी कसोटी इथेच लागते. लेप जाड झाला तर त्यात साखर विरघळून पाक होतो. तो पाक पाकळीतले पाणी बाहेर ओढतो आणि पाकळी सुरकुतते. लेप कुठे सुटला तर तिथे साखर बसत नाही, तो भाग उघडा राहून आक्रसतो आणि दोन दिवसांत तपकिरी पडतो. उजेडात पाकळी तिरकी धरून पाहिले की ओला भाग चमकतो आणि सुटलेला भाग मंद दिसतो. प्रत्येक पाकळी अशी एकदा पाहूनच पुढे जावे.

लेप लावताच साखर भुरभुरवावी. पाकळी साखरेच्या ताटलीत दाबून घोळवू नये, कारण दाबाने ती चुरगळते आणि ताटलीतली साखरही ओली होऊन तिचे खडे बनतात. कोरड्या ताटलीवर पाकळी धरून चमच्याने वरून साखर सोडावी, पाकळी उलटी करून दुसऱ्या बाजूवर सोडावी आणि मग चिमट्यावर बोटाने टिचकी मारून जादा साखर झटकून टाकावी. खाली पडलेली साखर चाळून पुन्हा वापरता येते. व्हायोला किंवा गोकर्णासारख्या अख्ख्या फुलाला मागून सुरुवात करावी, प्रत्येक पाकळी ब्रशच्या टोकाने उचलून तिच्या खालच्या घडीतही डिंक पोचवावा आणि मग साखर सोडावी. पाकळ्या एकमेकींना चिकटल्या असतील तर याच वेळी टाचणीच्या टोकाने सोडवून फुलाला आकार द्यावा. पुढे तो बदलता येत नाही.

अर्ध्या तासाने सगळी फुले पुन्हा पाहावीत. जिथे साखर ओली दिसते किंवा पाकळी उघडी पडली आहे तिथे ब्रशचे टोक आणि चिमूटभर साखर लावून ती जागा भरावी.

वाळवणे

फुले जाळीवर बटर पेपर घालून ठेवावीत आणि चार-पाच तासांनी उलटावीत. साखर थोडी धरली की कागद काढून थेट जाळीवर ठेवावीत, म्हणजे खालूनही हवा लागते. जागा सावलीची आणि वारा खेळता राहणारी असावी. उन्हात ठेवण्याचा मोह आवरावा, कारण उन्हाने गुलाबाचा आणि गोकर्णाचा रंग उडतो. स्वयंपाकघरही योग्य नाही. कुकरच्या एका शिट्टीची वाफ ओट्याजवळच्या जाळीला पुरेशी असते. थंडीत साताऱ्यात पाकळ्यांना साधारण एक ते दोन दिवस लागतात आणि अख्ख्या फुलांना दोन ते तीन. घरात ओव्हन असेल तर तो न तापवता फक्त आतला दिवा लावून, दार किंचित उघडे ठेवून त्यात जाळी ठेवता येते. दिव्याची ऊब पुरते. फ्रिजमध्ये वाळवू नये, कारण बाहेर काढताक्षणी गार साखरेवर दव धरते.

मुंग्यांचा बंदोबस्त पहिल्या तासापासूनच हवा. जाळी स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे करावेत आणि स्टूल भिंतीला टेकू देऊ नये. वरून पातळ मलमल तंबूसारखी टांगावी, म्हणजे माशी आणि धूळ लागत नाही.

फूल वाळले की नाही हे डोळ्याने कळत नाही. चिमट्याने कडेला धरून उचलावे. ते जराही न वाकता ताठ राहिले आणि साखरेच्या दाण्यांना बोट कोरडे लागले तर ते तयार आहे. अख्ख्या फुलात सर्वांत उशिरा वाळतो तो देठाजवळचा भाग, म्हणून तिथे बोट लावून पाहावे. थोडीही शंका असल्यास आणखी एक दिवस ठेवावे. अर्धवट वाळलेले फूल डब्यात गेले तर ते स्वतः तर बिघडतेच, शिवाय शेजारच्यांनाही ओल देते.

ठेवण

रुंद, उथळ, हवाबंद डबा घ्यावा. तळाशी बटर पेपर, त्यावर एकमेकांना न लागतील अशी फुले, वर पुन्हा कागद, असे दोनच थर करावेत. डब्याच्या कोपऱ्यात कोरडे भाजून थंड केलेले मूठभर तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत. ते आतली ओल शोषून घेतात आणि सिलिका जेलच्या पुडीसारखे खाण्याच्या पदार्थाजवळ ठेवायला धास्ती वाटत नाही. डबा अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवावा. डिंकावरची फुले अशा ठेवणीत थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत सहज टिकतात. अंड्यावरची आठवडाभरात संपवावीत. वास बदललेले, मऊ पडलेले किंवा ठिपके आलेले फूल टाकून द्यावे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर मात्र उरलेल्या फुलांचा लोभ धरू नये.

पदार्थावर मांडताना

साखरफुलाला ओला पदार्थ सोसत नाही, हे लक्षात ठेवूनच पदार्थ निवडावा. आपल्या कंदी पेढ्यावर गुलाबाची एक साखरपाकळी फार शोभते, आणि पेढा कोरडसर असल्यामुळे ती ताटात बराच वेळ कडक राहते. बर्फी, नारळाची वडी आणि काजूकतलीवरही ती उत्तम टिकते. केकवर लोण्याचे आयसिंग असेल तर फुले अर्धा-पाऊण तास आधी लावली तरी चालतात. फेटलेल्या क्रीमवर ती विरघळतात, आणि फुले लावलेला केक फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर सगळ्या फुलांना पाणी सुटते. केक आधी गार करून फुले वाढण्याच्या वेळी लावावीत. श्रीखंड, बासुंदी आणि खीर यांवर फूल ठेवायचेच असेल तर वाटी पाहुण्याच्या हाती देताना ठेवावे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे दिवस आणि साखरफुलांचे दिवस एकच असल्यामुळे दोन्ही एकत्र मांडण्याची कल्पना सुचते, पण कापलेल्या फळाचा रस लागताच साखर ओघळते. फळ अख्खे आणि कोरडे पुसलेले असावे आणि फूल त्याच्या शेजारी ठेवावे.

फुले उचलताना बोटांऐवजी चिमटा वापरावा. चिकटवण्याची गरज पडल्यास डिंकाच्या पाण्याचा एक थेंब फुलाच्या मागे लावावा. मोठ्या केकला पाच-सात फुले पुरतात आणि पेढ्यांच्या ताटाला प्रत्येकी एक पाकळी. त्याहून जास्त मांडली की पदार्थ साखरेनेच गोड होतो आणि फुलाचा वास हरवतो.